रे मार्केट ते महात्मा फुले मंडई

महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वर्गात शिकवीत असताना एकदा आम्हांस एक प्रश्न विचारला गेला. विचारणाऱ्या विद्यार्थिनीच्या घरची मंडळी पुण्याच्या मंडईत तीन पिढ्या भाजीच्या गाळ्यावर बसत आलेली. मंडई बांधण्याला फुल्यांचा विरोध होता, असे तिने कोठेतरी वाचले होते. ते खरे असेल, तर मंडईला त्यांचे नाव कसे, आणि ते आमच्या विरुद्ध होते की आमच्या बाजूचे, असे तिला विचारावयाचे होते. वर्गात आम्ही जे उत्तर दिले ते घाईचे होते. पुढे त्या उत्तराने आमचेच समाधान होईना. कारण प्रश्न एका इमारतीच्या नावाचा असला, तरी त्यात आणखी एक प्रश्न दडलेला होता. ज्याने एखाद्या गोष्टीला विरोध केला त्याचेच नाव त्या गोष्टीला दिले गेले, म्हणजे त्याच्या विरोधाचे पुढे काय होते? तो स्वीकारला जातो, की नावाखाली झाकला जातो? हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना परका नाही. पाठ्यपुस्तकात समाविष्ट झालेल्या प्रत्येक बंडखोर लेखकाविषयी आपण तो विचारीत असतो. त्याच प्रश्नाच्या अंगाने मंडईचा इतिहास येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आजची मंडई शुक्रवार पेठेत आहे. तिच्या एका बाजूला तुळशीबाग, पलीकडे बुधवार पेठेची गजबज, आणि चहूकडे भांडी, मसाले, पूजासाहित्य, केळीची पाने यांची दुकाने. या परिसराचे जुने स्वरूप मात्र बाजाराचे नव्हते, बागांचे होते. पेशवाईत शनिवारवाड्याच्या दक्षिणेस एकेक पेठ वसत गेली, तेव्हा सरदारांच्या नि कारभाऱ्यांच्या बागा नव्या वस्तीच्या कडेला होत्या. तुळशीबाग हे नावच त्याची साक्ष देते. तेथील राममंदिराचे काम १७६१ साली सुरू झाले, आणि मंदिराभोवती हळूहळू दुकाने आली. मंडईची जागाही अशाच एका बागेची, खासगीवाल्यांच्या मालकीची. पुण्याच्या मध्यवस्तीतील दोन मोठ्या बाजारपेठा बागांच्या जमिनीवर उभ्या आहेत, ही गोष्ट शहराच्या वाढीविषयी बरेच काही सांगून जाते.

या इमारतीपूर्वी भाजीबाजार भरत असे तो शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात. १७३२ साली बांधून झालेला हा वाडा पेशव्यांच्या सत्तेचे केंद्र होता. १८१८ साली ती सत्ता गेली आणि १८२८ साली आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या. दिल्ली दरवाजासमोरचे मैदान उरले. आसपासच्या गावांतून माळी, कुणबी पहाटे माळवे घेऊन येत, पाटी खाली ठेवीत आणि जमिनीवरच वाटे मांडून बसत. अशा बाजाराला भिंत नसते, दार नसते, आणि ठरलेली जागा असलीच तर ती सवयीने ठरलेली असते. पावसात चिखल, उन्हात धूळ आणि दुपारी मागे उरलेला पाला यांची त्याला सोबत असते. परंतु तेथे येऊन बसण्यासाठी कोणाशी करार करावा लागत नाही. उघड्या बाजाराची ही मोकळीक आणि बांधलेल्या बाजाराची शिस्त यांच्यातला फरक पुढच्या सर्व वादाच्या मुळाशी आहे.

पुण्याची नगरपालिका १८५७ साली अस्तित्वात आली. पाणी, दिवाबत्ती, सफाई, रस्ते ही तिची कामे. आणि या सर्वांसाठी लागणाऱ्या पैशाचा मोठा आधार म्हणजे जकात. शहराच्या नाक्यावर येणाऱ्या मालावर ती घेतली जाई. नगरपालिका बाजार बांधू लागल्या त्यामागे तीन कारणे दिसतात. पहिले आरोग्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पटकीसारख्या साथींच्या भीतीने अन्नाची विक्री स्वच्छ, हवेशीर, धुता येण्याजोग्या जागेत व्हावी हा विचार बळावला होता. दुसरे व्यवस्थेचे. वजनमापे तपासणे, भांडणे मिटविणे, रस्ता मोकळा ठेवणे हे एका छपराखाली सोपे जाते. तिसरे उत्पन्नाचे. उघड्या मैदानातून जे निश्चितपणे मिळत नाही ते भाडे गाळ्यातून मिळते. मुंबईत या विचाराला आधीच रूप आले होते. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाची मंडई तेथे १८६९ साली उभी राहिली. तिचा आराखडा विल्यम इमर्सन यांचा, आणि तिच्यावरील दगडी शिल्पपट लॉकवुड किपलिंग यांचे. राजधानीत असे बाजारघर झाल्यावर पावसाळ्यात गव्हर्नरांचा मुक्काम असणाऱ्या पुण्याने मागे राहू नये, असे येथील कारभाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही.

१८८२ साली पुणे नगरपालिकेने नवी मंडई बांधण्याचे ठरविले. जोतीराव फुले १८७६ पासून त्या वर्षापर्यंत नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. इमारतीवर होणाऱ्या मोठ्या खर्चाला त्यांनी विरोध केला आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवावा अशी त्यांची भूमिका होती, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्यांच्याबरोबर या विरोधात हरि रावजी चिपळूणकर होते. विरोध अल्पमतात गेला आणि काम सुरू झाले.

हा प्रसंग सहसा येथेच संपविला जातो. फुले शिक्षणाचे पुरस्कर्ते, म्हणून त्यांनी शिक्षणासाठी पैसा मागितला, इतकेच सांगून पुढे जाता येते. परंतु त्या काही वर्षांतील फुल्यांची इतर कृत्ये आणि लेखन शेजारी ठेवून पाहिले, तर विरोधाला अधिक खोली येते. याच नगरपालिकेत व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला असता तो पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले होते. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढत असल्याबद्दल त्यांनी नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून विरोध नोंदविला होता. १८८२ च्या ऑक्टोबरात त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. शेतकऱ्याच्या घामातून सरकारची तिजोरी भरते आणि त्याच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर मात्र अगदी थोडे खर्च होते, हा त्या निवेदनाचा गाभा. म्हणजे मंडईच्या वेळी घेतलेली भूमिका सुटी नव्हती. सार्वजनिक पैसा कोणाकडून गोळा होतो आणि कोणासाठी खर्च होतो, हा एकच प्रश्न ते प्रत्येक ठिकाणी विचारीत होते.

या प्रश्नाचे सर्वांत ठसठशीत रूप ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या पुस्तकात आढळते. मंडईचा पाया घातला जात असतानाचे हे लेखन आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवून ते वाचावयास हवे. त्यात गाडीभर माळवे घेऊन शहरात येणाऱ्या शेतकऱ्याचे वर्णन आहे. त्याच्या मालाची सारी किंमत दगाबाज दलालांच्या वजनमापात आणि नगरपालिकेच्या जकातीत जिरते, गाडीभाडे त्याला पदरचे भरावे लागते, आणि रित्या हाताने घरी जाऊन मुलाबाळांच्या पुढे उभे राहावे लागते. आम्हांला या वर्णनात एक साधा हिशेब दिसतो. जकात देणारा शेतकरी. त्या जकातीवर चालणारी नगरपालिका. त्या नगरपालिकेने बांधलेले बाजारघर. आणि त्या बाजारघरात बसावयाचे तर पुन्हा भाडे. ज्या जुडीवर एकदा नाक्यावर कर बसला तिच्यावरच दुसऱ्यांदा गाळ्याचा भार पडणार. एवढे करून भव्य इमारतीचे श्रेय शहराच्या सुधारणेला. ‘असूड’मध्ये मंडईच्या प्रस्तावाची चर्चा नाही, आणि आम्हीही ती त्यात घुसडू इच्छित नाही. परंतु त्या पुस्तकाचा लेखक असा प्रस्ताव सभेत ऐकत असताना त्याच्या मनात कोणती आकडेमोड चालली असेल हे समजण्यास ते वर्णन पुरेसे आहे.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. फुले बांधकामाचेच विरोधक होते, त्यांना दगडविटांचे वावडे होते, असे मुळीच नाही. ते स्वतः कंत्राटदार होते. पुण्याच्या परिसरातील पूल, बोगदा यांसारख्या कामांशी त्यांचा संबंध होता. मांजरी येथे त्यांची शेती होती. जातीने माळी, घराण्याचा व्यवसाय फुलांचा, आणि अनुभव बांधकामाचा. मंडईच्या विषयात बोलण्याचा अधिकार त्या सभागृहात यांच्याइतका फार थोड्यांना असेल. माळव्याचा भाव मळ्यात काय आणि शहरात काय, हे त्यांना ठाऊक होते, आणि इमारतीच्या अंदाजपत्रकात काय असते तेही ठाऊक होते. म्हणून त्यांचा विरोध हा अडाणी माणसाचा सुधारणेला विरोध नव्हता. माल पिकविणारा नि इमारत बांधणारा या दोन्ही बाजू जाणणाऱ्याचा तो होता.

विरोध बाजूला पडला आणि १८८६ साली इमारत तयार झाली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. काळ्या दगडाचे हे बांधकाम इंग्रजी गॉथिक धाटणीचे आहे. टोकदार कमानी, उतरती छपरे, मध्यभागी उंच अष्टकोनी मनोरा आणि त्या मनोऱ्यापासून निघणाऱ्या भुजा. या रचनेत शोभेइतकाच उपयोगाचा विचार होता. भुजा वेगवेगळ्या दिशांना गेल्यामुळे गिऱ्हाईक कोणत्याही बाजूने आत येऊ शकते आणि चालत चालत मध्याशी पोहोचते. छप्पर उंच आणि बाजू मोकळ्या असल्यामुळे कोंदट हवा वर जाते, भाजी लवकर कोमेजत नाही. आत गाळे असे की विक्रेता जमिनीवर नव्हे, उंचावर बसतो, आणि त्याच्या पायाशी माल उतरता रचलेला असतो. शनिवारवाड्यासमोर गिऱ्हाईक उभे राही आणि विकणारी बाई खाली बसलेली असे. येथे विकणाऱ्याची नजर गिऱ्हाइकाच्या नजरेच्या वर गेली. हा बदल लहान नाही. ज्यांनी मंडईत भाव करून पाहिला आहे त्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

न्यायाने बोलावयाचे तर येथे थांबून फुल्यांच्या विरोधी पक्षाचेही म्हणणे मान्य केले पाहिजे. छप्पर मिळाले, पायाखाली कोरडी जमीन मिळाली, चिखल गेला, जागा निश्चित झाली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गाळ्यावर बसणारी कुटुंबे यामुळेच निर्माण झाली. आमच्या विद्यार्थिनीचे घर त्यांतलेच. तिच्या पणजीला मिळालेला गाळा नसता, तर ती कदाचित आमच्या वर्गात नसती. उलट बाजूने, ज्यांना गाळा मिळाला नाही त्यांचे काय, हाही प्रश्न उरतोच. मंडईच्या भिंतीबाहेर, पायऱ्यांच्या खाली, रस्त्याच्या कडेला जमिनीवर वाटे मांडून बसणारे विक्रेते आजही दिसतात. शनिवारवाड्यासमोरचा तो उघडा बाजार इमारत झाल्यावर संपला नाही. तो इमारतीच्या भोवती येऊन बसला.

मंडई बांधली जात असतानाच पुण्यात आणखी एक सभा भरली होती. १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची सभा झाली. तिचे निमंत्रण फुल्यांना आले आणि त्यांनी पत्र लिहून ते नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशी ज्यांच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही त्यांच्या सभेत आपण येऊन काय करणार, असा त्या पत्राचा आशय. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे पत्र परिचित असते, मंडईचा विरोध मात्र बहुधा नसतो. आमच्या मते दोहोंना शेजारी ठेवले पाहिजे. एका ठिकाणी माळव्याचे घर उभे राहत होते, दुसऱ्या ठिकाणी मराठी ग्रंथांचे. दोन्ही ठिकाणी फुल्यांचा प्रश्न हाच, की या घरात जो पिकवितो त्याची जागा कोठे? आणि दोन्ही ठिकाणी पुढे घडले तेही सारखेच. ज्या साहित्यसंमेलनाची परंपरा त्या ग्रंथकार सभांपर्यंत मागे नेली जाते, त्या परंपरेच्या चर्चेत आज फुल्यांच्या पत्राचा हवाला आदराने दिला जातो.

१८८८ साली हरि रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीला फुले शेतकऱ्याच्या फाटक्या वेशात गेले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथील सभेत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली. पुढच्या काळात मंडईच्या नावात हाच शब्द यावयाचा होता. १८९० च्या नोव्हेंबरात फुले वारले. त्याच साली रे मार्केटच्या इमारतीत एक औद्योगिक संग्रहालय सुरू झाले आणि त्यालाही लॉर्ड रे यांचेच नाव मिळाले. ते संग्रहालय नंतर घोले रस्त्यावर गेले आणि आज तेही महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाते. एकाच गव्हर्नराची दोन स्मारके एकाच विरोधकाच्या नावावर गेली, असे उदाहरण आमच्या तरी माहितीत दुसरे नाही.

बाजारघर झाले की त्यापुढे चौक होतो, आणि चौक झाला की तेथे भाजीखेरीज आणखीही बरेच काही विकले जाते. मंडईच्या चौकात मते विकली, वाटली आणि घडविली गेली. टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले त्या सुरुवातीच्या काळातच, १८९४ साली, मंडईच्या गणपतीची परंपरा सुरू झाली. झोपाळ्यावर शारदेसह बसलेला हा गणपती भाजीवाल्यांचा, हमालांचा, अडत्यांचा. सभा, मिरवणुका, निवडणुकीची भाषणे, चहाच्या टपरीवरचे वाद यांतून या परिसराला ‘मंडई विद्यापीठ’ हे नाव पडले. पुण्याच्या राजकारणात पुढे आलेल्या पुष्कळांची पदवी याच विद्यापीठाची, असे गमतीने म्हटले जाई. १९१५ साली जवळच ‘आर्यन’ हे चित्रपटगृह सुरू झाले आणि चौकाला रात्रीची गर्दीही लाभली.

या चौकात १९२४ साली लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. त्याचे अनावरण मोतीलाल नेहरू यांनी केले. त्या काळात नगरपालिकेची सूत्रे टिळकांचे सहकारी आणि मराठीतले नामवंत साहित्यिक न. चिं. केळकर यांच्याकडे होती. टिळकांना जाऊन अवघी चार वर्षे झाली होती, आणि ज्या मंडईत त्यांचे अनुयायी मोठ्या संख्येने होते तेथे पुतळा व्हावा हे स्वाभाविक होते. पण लगेच पुढच्या वर्षी ब्राह्मणेतर पक्षाचे तरुण नेते केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याची मागणी पुढे आणली. ती मान्य झाली नाही. मागणीच्या वादात फुल्यांवर कडवट टीका झाली, आणि तिला तितकेच कडवट उत्तर म्हणून १९२५ साली दिनकरराव जवळकर यांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले. टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर त्यात जहरी हल्ला होता. खटला झाला, शिक्षा झाली, आणि १९२६ साली अपिलात आरोपींची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आरोपी सुटले. मराठी पत्रकबाजीच्या आणि वादग्रंथांच्या इतिहासात या पुस्तकाला जे स्थान आहे, त्याची जन्मखूण एका पुतळ्याच्या जागेत आहे.

या वादाच्या धुरळ्यात एक जुनी गोष्ट हरवून गेली. १८८२ साली, म्हणजे मंडईचा निर्णय झाला त्याच वर्षी, टिळक आणि आगरकर यांना कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १०१ दिवसांची डोंगरीच्या तुरुंगातील शिक्षा झाली. खटल्याच्या वेळी त्यांच्यासाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला तो फुल्यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी, फुल्यांच्या सांगण्यावरून. सुटकेनंतर त्यांच्या स्वागतात सत्यशोधक मंडळीही होती. फुले आणि टिळक यांच्यातील मतभेद खरे होते, खोल होते, आणि ते पुसून टाकण्याचे कारण नाही. परंतु चौकातल्या पुतळ्यांच्या हिशेबात माणसे जितकी एकरंगी होतात तितकी ती हयातीत नसतात, एवढे तरी या प्रसंगावरून शिकता येते.

१९३० नंतर वारे बदलले. केशवराव जेधे काँग्रेसमध्ये आले. काकासाहेब गाडगीळ आणि जेधे यांच्या जोडीने पुण्याचे राजकारण नव्या पायावर उभे राहू लागले. बहुजन समाजाला बरोबर घेतल्यावाचून स्वातंत्र्याची चळवळ पुढे जाणार नाही, हे शहराच्या पुढाऱ्यांना कळून चुकले. या वातावरणात त्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकेत निवडून आलेल्या आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे ‘महात्मा फुले मंडई’ असे नामांतर झाले. अत्र्यांची फुल्यांवरील निष्ठा उपरी नव्हती. त्यांनी पुढे ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. पुतळा नाकारला गेला होता, ती जागा नावाने भरून निघाली. पुढे मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही महात्मा जोतिबा फुले यांचेच नाव दिले गेले. त्या इमारतीशी तर फुल्यांचा विरोधाचाही संबंध नव्हता. तोपर्यंत ‘मंडई’ आणि ‘फुले’ हे शब्द मराठी मनात एकत्र रुजले होते, असेच म्हणावे लागते.

नामांतराचा हेतू शुद्ध होता. तरी नाव दिल्याने काय साधले आणि काय निसटले, हे पाहणे आपले काम आहे. साधले ते असे. परक्या गव्हर्नराच्या जागी या मातीतला माणूस आला. तोही माळी, माळव्याचा जाणकार. रोज सकाळी हजारो माणसे नकळत त्याचे नाव घेऊ लागली. निसटले ते असे. त्या इमारतीविषयी त्या माणसाने काय म्हटले होते याची आठवण त्या नावानेच पुसट झाली. रे मार्केट हे नाव राहिले असते, तर त्याला विरोध करणारा कोण, असे कोणीतरी विचारले असते. फुले मंडई म्हटल्यावर फुल्यांनीच ती बांधविली असावी असा समज होण्यास वाव राहतो, आणि तो समज आम्ही अनेकदा ऐकला आहे. रानड्यांच्या सभेला लिहिलेल्या पत्राचेही असेच होऊ शकते. पत्र सन्मानाने उद्धृत होते, आणि ज्या प्रश्नासाठी ते लिहिले गेले तो प्रश्न मात्र समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही.

स्वातंत्र्यानंतर शहर वाढले तशी मंडई लहान पडू लागली. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. गाड्या, हमाल, अडत यांची पहाटेची लगबग त्याच्याबरोबर गेली, आणि मंडई किरकोळ विक्रीची झाली. ‘आर्यन’ १९८३ साली पाडले गेले. ज्या जागेत मूकपटापासून बोलपटापर्यंतचा इतिहास घडला तेथे आता वाहने उभी राहतात. २९ सप्टेंबर २०२४ रोजी मेट्रोचा शिवाजीनगर न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईच्या पोटाखालून गाड्या धावू लागल्या. जमिनीखालून वर आलेला प्रवासी त्या अष्टकोनी मनोऱ्यासमोर उभा राहतो. समोर टिळकांचा पुतळा, मागे फुल्यांचे नाव, आणि दोहोंच्या मध्ये मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली बाई.

या इतिहासाची साधने पाहिली की एक उणीव खुपते. सभासदांची मते चरित्रांतून कळतात. गव्हर्नराचे नाव इमारतीच्या इतिहासात राहते. पुतळ्याचा वाद पुस्तकांतून, खटल्यांतून वाचता येतो. शनिवारवाड्यासमोरून उठून नव्या गाळ्यावर बसावयास आलेल्या त्या पहिल्या बायांना काय वाटले, भाडे परवडले की नाही, कोणाला जागा मिळाली आणि कोण बाहेर राहिली, हे सांगणारा आवाज या साऱ्यात नाही. त्यांच्या सर्वांत जवळ जाणारा मजकूर शोधू गेल्यास तो ‘असूड’मधल्या त्या रिकाम्या हाताने परतणाऱ्या शेतकऱ्यापाशीच सापडतो. सावता माळ्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, ही आपल्या परंपरेची एक बाजू. मळ्यातून निघालेली भाजी नाक्यावर आणि बाजारात आली की तिचे काय होते, हे लिहिण्याची जबाबदारी फुल्यांनी उचलली. म्हणूनच मंडईचा इतिहास शिकवावयाचा, तर इमारतीच्या छायाचित्राबरोबर ‘असूड’ची ती पाने विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत, असे आम्हांस वाटते.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळावयास हवे. फुले तिच्या पणजीच्या विरुद्ध नव्हते. पणजीच्या पाटीतल्या जुडीवर घेतलेल्या पैशाचा हिशेब ते मागत होते, आणि त्या पैशातून आधी तिच्या मुलीसाठी शाळा व्हावी असा त्यांचा आग्रह होता. शहराने आधी मंडई बांधली. शाळेला उशीर झाला. पणजी गाळ्यावर बसली, आजी बसली, आई बसते आहे. चौथ्या पिढीतली मुलगी वर्गात येऊन ‘असूड’ वाचते आणि विचारते की हे आमच्या बाजूचे होते का. हे उत्तर आम्ही पुढच्या तासाला तिला सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, की हे घरी आईला सांगते. पण सकाळी नको, सकाळी गिऱ्हाईक असते.